भिंतीकडची रांग

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकाच वेळी दोन सालं चालायची. खिडकीकडच्या रांगेतले चार कॉम्प्युटर चालू सालात असत आणि भिंतीकडच्या रांगेतले चार दोन हजार वीसच्या डिसेंबरात. हा काही बिघाड नव्हता. आमचे लॅबसर रोज सकाळी चपला दाराबाहेर काढून आत जात, भिंतीकडच्या चारही कॉम्प्युटरांची तारीख स्वतःच्या हाताने वीस डिसेंबरवर आणून ठेवत आणि मगच खिडक्या उघडत. देवावरची कालची फुलं काढावीत तितक्या सवयीने हे काम चाले.

खरं म्हणजे ते सर नव्हतेच. शाळेच्या दप्तरी त्यांची नोंद प्रयोगशाळा परिचर अशी होती. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, हे त्यांचं काम. पुढे शाळेला कॉम्प्युटर मिळाले तेव्हा एकाही मास्तराला ती जबाबदारी नको होती. काही मोडलं तर आपल्या गळ्यात येईल, ही भीती. मुख्याध्यापकांनी 'लॅब ती लॅबच' असा न्याय लावून किल्ली यांच्या हातात दिली. मुलं त्यांना सर म्हणायला लागली. स्टाफरूममध्ये मात्र त्यांना नुसतं 'लॅब' म्हणत. "अहो लॅब, जरा तो प्रोजेक्टर लावा." मी तेवढी लॅबसर म्हणायचे, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी नवीन होते आणि कुणाला काय म्हणायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मूळची बेलापूरची. आमच्याकडे पाटाला पाणी असतं आणि माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. संस्थेने मला मराठी शिकवायला मिरजगावला पाठवलं, तेव्हा पहिले सहा महिने मी फक्त बदलीचे अर्ज लिहीत होते. सगळीकडे ज्वारी, मधून जाणारा हायवे, त्यावरून न थांबता जाणाऱ्या गाड्या. मी अशीच एकदा चिडलेल्या अवस्थेत चाचणीची प्रश्नपत्रिका टाईप करायला लॅबमध्ये गेले. कॉम्प्युटर काही उघडेना. मी माऊसचं बटण दाबतेय, दाबतेय. मागून आवाज आला, "मॅडम, दाबू नका. भरतंय."

पडद्यावर एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलाने भरत होती. मी वळून पाहिलं. खाकी रंगाचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाय अनवाणी, हातात जुन्या चादरीची घडी. कॉम्प्युटरांवर ते प्लास्टिकची कव्हरं घालत नसत. त्यात यंत्राला घाम येतो म्हणत. घरच्या आठ चादरी आणून घातल्या होत्या आणि दर दिवाळीला त्या धुवून, नीळ देऊन परत आणत.

'भरतंय' हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. एसटी आली नाही, भरतंय. मुख्याध्यापक रागावून बोलत नाहीत, भरतंय. माझा बदलीचा अर्ज संस्थेत अडकला आणि मी स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसले, तेव्हा त्यांनी समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि तेच सांगितलं. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

लॅबची खरी वेळ मधल्या सुट्टीची. डबा घाईघाईने संपवून पोरं दाराबाहेर चपलांचा ढीग करत आणि खेळायला बसत. इंटरनेटवरचे साधे खेळ. टेकाडावरून मोटारसायकल न पाडता न्यायची, हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना वेळेत वाढायचं, कुलूपबंद खोलीतून किल्ली शोधून बाहेर पडायचं, माकडाला नदीपलीकडे केळी फेकायची. ज्या पोरांच्या घरी तेव्हा साधा मोबाईलही नव्हता, त्यांच्या आयुष्यातला हा पहिला पडदा. गावात नेट आज आहे तर उद्या नाही, म्हणून लॅबसरांनी ते खेळ कसे कोण जाणे उतरवून कॉम्प्युटरातच ठेवले होते. गणिताचे सर तक्रार करायचे की मुलं वाया जातील. लॅबसर मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायचे.

स्वतः ते कधीच खेळत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मला कुठं येतंय? मी फकस्त सुरू हुतंय का त्ये बघतो."

त्यांना मुलांची नावं लक्षात राहत नसत, पण खेळ राहत. एक निळी वही होती. तिच्यात डाव्या बाजूला खेळ आणि उजव्या बाजूला तो खेळणाऱ्या मुलांची नावं, बॅचवार. शाळा सोडून गेलेल्या कुणाचा विषय निघाला की ते डोळे बारीक करून विचारत, "कोन? त्यो मोटारसायकल पाडनारा का?" एकदा रस्ता सुरक्षेवर बोलायला एक पोलीस अधिकारी आले. शाळेचेच माजी विद्यार्थी. सत्कार झाला, भाषण झालं, सगळे अदबीने उभे. लॅबसर मागून पुढे आले आणि सर्वांदेखत म्हणाले, "तुज्यासारकी मोटारसायकल आजून कुनी पाडली न्हाई बग." अधिकाऱ्यांची टोपी हातात होती म्हणून बरं, हसता हसता ती त्यांनी तोंडावर धरली.

आणखी एक. एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही सगळा स्टाफ गेलो होतो. पाठवणीची वेळ, मुलगी रडतेय, तिची आई रडतेय. आमचे लॅबसर गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "बाळ, त्या बंद खोलीतनं भाईर पडली हुतीस का शेवटी?" ती रडता रडता थांबली. "नाही ना सर, किल्ली सापडलीच नाही," म्हणाली आणि फिसकन हसली. तिच्या सासूबाईंना हे काय चाललंय ते कळेना. लॅबसर म्हणाले, "घड्याळामागं असती. ये कधीतरी, दावतो."

ये कधीतरी. हे ते सगळ्यांनाच सांगत, आणि त्यांना ते खरंच म्हणायचं असे. घोटाळा तिथेच होता. आपल्याकडे 'या कधीतरी' म्हणजे 'निघा आता' असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, भाऊबंद खर्ड्याला. स्टँडमागच्या खोलीत ते एकटे राहायचे. शाळा सुटल्यावर सगळा स्टाफ गाड्यांना किका मारून निघायचा तेव्हा ते चादरी घालत असायचे, एकेक कोपरा ओढून, सावकाश.

मग ते खेळ बंद पडायला लागले. हे माझ्यासारखीला जेवढं समजलं तेवढं सांगते. ते खेळ चालायला फ्लॅश नावाचं एक प्लगइन लागायचं, म्हणजे ब्राउझरला वरून बसवलेली जोडणी. ज्यांनी ते बनवलं त्यांनीच ते कायमचं बंद करायचं ठरवलं. आधी खेळाच्या जागी एक करडा चौकोन दिसायला लागला, मग परवानगी विचारणारी पाटी, आणि लॉकडाऊनमधल्या त्या जानेवारीत एके दिवशी सगळंच थांबलं. शाळेत मुलं नव्हती. लॅबसर मात्र रोज जाऊन कॉम्प्युटर तासभर चालू ठेवायचे. नुसते पडून राहिले तर उंदीर वायरी खातात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला फोन केला. कुणी आजारी पडल्यासारखा आवाज होता. "मॅडम, एक बी सुरू होईना."

मी म्हटलं, जाऊ द्या ना सर, आता पोरांच्या हातात मोबाईल आहेत, त्यांच्यावर खेळ कमी का आहेत.  ते म्हणाले, "आताच्या पोरांचं न्हाई वो. मागली पोरं आली तर काय दावू?"

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. युक्ती सापडली होती. त्या प्लगइनमध्ये आतच एक तारीख लिहिलेली होती, बारा जानेवारीची. कॉम्प्युटरचं घड्याळ त्या तारखेच्या पुढे गेलं की ते चालायला नकार द्यायचं. घड्याळच मागे नेलं तर त्याला काही पत्ता लागत नसे. "किती मागे नेलंत?" मी विचारलं. "वीस डिसेंबर. तीन हप्ते हाताशी ठिवलेत. काठावर कशाला उभं ऱ्हायचं?"

तेव्हापासून लॅबमध्ये दोन रांगा झाल्या. घड्याळ मागे असलं की सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणून शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बाकीची कामं खिडकीकडच्या चार कॉम्प्युटरांवर. भिंतीकडच्या रांगेला हात लावायचा नाही. पंचायत समितीचे एक साहेब तपासणीला आले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. मुख्याध्यापक घामाघूम. लॅबसर शांतपणे म्हणाले, "सायेब, ह्या रांगेत तेवढंच साल चालतंय." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही आणि पुढेही काही झालं नाही.

शाळा पुन्हा भरली. मधल्या सुट्टीत आता कुणी येईना. नव्या मुलांना ते खेळ बाळबोध वाटत. तरी लॅबसर रोज एकेक खेळ उघडून पहिली पायरी चालते का ते बघत, वहीत बरोबरची खूण करत आणि बंद करत. मी कधी जाऊन शेजारी बसायचे. माझ्या खोलीवर तरी माझी कोण वाट पाहत होतं.

त्यांच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते तेव्हा एका जुन्या बॅचने दिवाळीच्या सुट्टीत मेळावा ठरवला. आता दर बॅच असा मेळावा करते. हायवेवरचं लॉन घेतात, सगळ्यांना फेटे बांधतात, शिक्षकांना शाल-श्रीफळ देतात आणि रडत रडत फोटो काढतात. ही बॅच वहीत सर्वांत मोठी होती. लॅबसरांनी मला गाठलं. "मॅडम, शनवारी त्यांचा मेळावा हाय. मानसं गावातच मुक्कामी असनार. म्या रव्वारी लॅब उघडी ठिवतो. तुमी तेवढं गुरुपवर टाकाल का?" त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि त्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षकांपैकी मी एकटीच होते.

पत्र त्यांनी स्वतः टाईप केलं. सवयीचा जुना मराठी टाईप भिंतीकडच्याच कॉम्प्युटरवर होता, त्यामुळे तिथेच बसले. प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवलं, "सुद्दलेखन बगा, मॅडम." पत्र साधंच होतं. 'येत्या रविवारी लॅब दिवसभर उघडी राहील. तुमचे खेळ चालू स्थितीत आहेत. ज्याचा त्याने येऊन खेळावा. चहाची सोय आहे.' मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका काढल्या. 'स्थिती'ची वेलांटी, 'येऊन'चा ऊ. त्यांनी सगळ्या दुरुस्त करून नवी प्रिंट आणली. मी तिचा फोटो काढून शुक्रवारी ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर रोज पन्नास गुलाबाची फुलं यायची म्हणून त्याचा आवाज मी कायमचा बंद करून ठेवला होता.

शनिवारच्या मेळाव्यात लॅबसरांनाही शाल मिळाली. फोटोच्या गडबडीत कुणाला दोन मिनिटं बोलायला उसंत नव्हती. ते कोपऱ्यात फेटा सांभाळत बसले होते आणि सुखात होते. उद्याचा दिवस त्यांच्याकडे होता.

रविवारी दुपारी चारला मी शाळेत गेले. दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता. आत भिंतीकडचे चारही कॉम्प्युटर सुरू, चादरी घडी करून ठेवलेल्या, प्रत्येक पडद्यावर एकेक खेळ सुरुवातीच्या पाटीवर थांबलेला. टेबलावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कुठल्या कॉम्प्युटरवर कुणाचा खेळ. दारावर आतून त्याच पत्राची एक प्रिंट. चहाचा मोठा थर्मास, कागदी पेल्यांचं न फोडलेलं पुडकं. आणि लॅबसर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले, इस्त्रीच्या शर्टात.

"कोणी आलं होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "कामाची मानसं हायेत ती आता. तुमी खेळता का, मॅडम?"

मी माकडाच्या खेळापुढे बसले. केळी नदीत पडत राहिली. ते माझ्या मागे उभे राहून बघत होते आणि प्रत्येक केळ्याला "आता जाईल, आता जाईल" म्हणत होते. आम्ही दोघांनी चहाचे दोन-दोन पेले घेतले. उरलेला त्यांनी बाहेर कडुनिंबाच्या बुडाशी ओतला.

घरी येऊन मी ग्रुप उघडला. माझ्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मॅडम, हे पत्र लॉकडाऊनमधलं आहे, चुकून आलं वाटतं.' त्याखाली दुसरा, 'तारीख बघा, २० डिसेंबर २०२०. तेव्हा शाळा तरी कुठे उघडी होती.' मग हात जोडलेली चिन्हं, हसरे चेहरे. आणि एका मुलीचं, तीच ती बंद खोलीवाली, 'आत्ता असतं तर नक्की गेले असते.'

मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात कॉम्प्युटरने आपली आपण टाकलेली तारीख होती. सात चुका काढणाऱ्या मराठीच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. आणि शुक्रवारपासून एकदा जरी मी ग्रुप उघडला असता, 'अरे बाळांनो, हे आत्ताचंच आहे' एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर त्यांचा रविवार असा गेला नसता.

मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारी सांगू म्हटलं, मग मंगळवारी. त्यांना वाटत होतं पोरं आपल्याला विसरली, आणि मी ते तसंच वाटू दिलं, कारण खरं सांगायचं तर माझी चूक कबूल करावी लागली असती. माझ्या हातून वाईट गोष्टी फारशा झालेल्या नाहीत. झाल्या त्यांत ही पहिली. मार्चअखेर ते निवृत्त झाले. नवे कॉम्प्युटर आले, जुने भंगारात काढले, त्यातला एक मुख्याध्यापकांनी त्यांना नेऊ दिला. टेम्पोत ते मागे बसले, कॉम्प्युटरला चादरीत गुंडाळून मांडीशी धरून, आणि खर्ड्याला गेले.

गेल्या हिवाळ्यात माझी बदली एकदाची झाली. बेलापूरला जाण्याआधी मी जामखेडची एसटी धरली आणि तिथून खर्डा. किल्ल्याच्या अलीकडे गल्लीत विचारलं, "ते कॉम्प्युटरवाले सर कुठे राहतात?" एका म्हाताऱ्या बाईने हात केला, "ते एकलं ऱ्हातंय त्ये व्हय? त्या निळ्या दाराचं."

मी चपला बाहेर काढल्या. मला बघून ते गडबडून उठले, लुंगी नीट करत. एक खाट, एक स्टोव्ह, आणि टेबलावर चादर घातलेला कॉम्प्युटर. "बदली झाली," मी म्हटलं. ते हसले. "भरलं का मग?" चादर काढून त्यांनी यंत्र सुरू केलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात वीस डिसेंबर होती.

मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, बसले असते तर पुन्हा राहून गेलं असतं. पत्र, तारीख, ग्रुपवरची उत्तरं, बंद खोलीवाली मुलगी. "ती पोरं तुम्हाला विसरली नव्हती, सर. चूक माझी होती. मी तुम्हाला सांगितलंही नाही."

ते चहा गाळत होते. हात थांबला नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"तारीख. एक पत्र दारावर चिकटवलं हुतं न्हवं? त्याच्याकडंच तोंड करून बसलो हुतो. बारा वाजायच्या आत दिसली."

 "मग मला फोन का नाही केलात? तासाभरात दुसरं पत्र टाकलं असतं मी. पोरं गावातच होती."

"म्हनूनच न्हाई केला." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला, बशीत सांडलेला चहा बोटाने पुसला. "बरुबर तारीख टाकून पत्र गेलं असतं, मॅडम, आन तरीबी कुनी आलं नसतं, मग?"

त्यांनी हे रडवेल्या आवाजात सांगितलं नाही. पाऊस कमी झाला हे जसं सांगतात तसं सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढून मला माकडाच्या खेळापुढे बसवलं. पाचच्या एसटीपर्यंत मी खेळले. तीन केळी पलीकडे गेली.

परतीच्या गाडीत मी मोबाईल काढला. तो ग्रुप अजून आहे, गुलाबाची फुलंही आहेत. नवं पत्र लिहिलं. सर खर्ड्याला असतात, तुमचे खेळ चालू स्थितीत आहेत, येत्या रविवारी जाऊन या. शुद्धलेखन तपासलं. तारीख तीनदा तपासली. मिरजगाव येईपर्यंत मी मोबाईल तसाच हातात धरून बसले, आणि पाठवायचा धीर मलाही झाला नाही.